मासळीच्या लेबलांवर

शुक्रवारी खोकी येतात.
ग्रिम्सबीच्या धक्क्यावर बोटी कमी झाल्या
तशी आमच्या गल्लीतली दुकानंही विझत गेली.
व्हर्ननचं तेवढं उरलं:
डावीकडे घोड्यांवर पैसे लावणारे,
उजवीकडे दातांचा दवाखाना,
मधोमध आम्ही आणि आमचा गोंगाट.

खोकं मी फोडायचं, पहिलं ऐकायचं त्याने.
तो सुई टेकवतो, पाठ फिरवतो, केटल लावतो.
पाणी उकळेपर्यंत ज्यानं त्याची मान वळत नाही
ती तबकडी मागच्या रांगेत.
जिच्यामुळे वळते, तिच्यावर चिठ्ठी चिकटते,
मासळीच्या जुन्या लेबलाच्या कोऱ्या पाठीवर.
लेबलं त्याच्या बापाची. बाप गेला, गठ्ठे राहिले.

‘तिसऱ्या गाण्यात ड्रमरची काठी मोडते. कोणी थांबत नाही.’

‘सख्ख्या बहिणी. भांडण चालू असताना रेकॉर्ड केलंय.
मध्ये पडू नका.’

‘गाणारी बेसूर आहे. तिला ठाऊक आहे.’

‘अठरा मिनिटं. बस चुकली असेल तर.’

चांगलं हा शब्द लिहायचा नाही, ही त्याची एकच अट.
चांगलं काय, नळाचं पाणीही असतं, म्हणतो.
सात महिने मी नुसती खोकी फोडली,
धूळ पुसली, त्याची चिठ्ठी सरळ चिकटवली.
मग एका शुक्रवारी
केटल शिट्टी मारून मारून दमली
आणि पाहतो तर मान माझी वळलेली.
त्याने पेन पुढे केलं. म्हणाला, लिही.

आपल्याच गावची पोरं. बँडचं नाव असं
की कवितेत घालता येत नाही.
बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात वाजवलेलं,
प्रत्येक गाण्यामागे कुठेतरी पाणी ठिबकतंय.
मी लिहिलं:
‘बास कच्चा आहे. तरी घ्या.’
माझी पहिली चिठ्ठी.
दिवसभर येता-जाता तिच्याकडे बघत होतो.

मंगळवारी एक बाई आल्या. ओला कोट, बेकरीची पिशवी.
ते… त्या नावाचं आहे का तुमच्याकडे?
नाव काही तोंडातून निघेना. मी बोट दाखवलं.
त्यांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली.
पुन्हा वाचली.
बास वाजवतो ना, म्हणाल्या, तो आमचा ॲश्टन.

कुठे तोंड लपवावं कळेना.
व्हर्नन नेमका तेव्हा मागच्या खोलीत
दूध शोधायला गेला तो गेलाच.

कच्चा म्हणजे काय हो?
रागाने नाही, औषधाच्या बाटलीवरचं
विचारावं तसं विचारलं.
मी म्हणालो, म्हणजे… बोटं गाण्याच्या पुढे धावतात.
त्या एकदम हसल्या.
अहो, लहानपणापासून! जिन्यावरून येताना
शेवटच्या तीन पायऱ्या
तो कधी उतरलाच नाही. थेट उडी.

कोट न काढता, टोपीवरूनच हेडफोन चढवून
त्यांनी पहिली बाजू पूर्ण ऐकली.
पिशवीतला पाव कुशीत धरून.
एकदा पुटपुटल्या,
घरी इतकं कधी ओरडला नाही.

घरी वाजवायला यंत्र नव्हतं, तरी घेतली.
आणि ही चिठ्ठीही द्या, म्हणाल्या.
मी म्हटलं, थांबा, दुसरी लिहून देतो, जरा बरी.
नको. हीच.
छान वाजवतो म्हणणारे ढीगभर आहेत,
ऐकून सांगणारे तुम्ही पहिले.

दार लागलं. घंटा वाजून थांबली.
व्हर्ननला दूध सापडलं.
नवं लेबल माझ्यापुढे सरकवून
तो केटलकडे वळला.

‘बास शेवटच्या तीन पायऱ्या उतरत नाही,’
मी लिहिलं.

चार प्रती होत्या. शनिवारपर्यंत दोन गेल्या.
तिसरी दातांच्या डॉक्टरने नेली;
परवापासून भिंतीपलीकडे ड्रिलचा आवाज येतो
तेव्हा मधूनच तीही ऐकू येते.